पडद्यामागे उभी राहणारी मुलगी

माझी मुलगी दोन वर्षांची झाली त्या सुमारास हॉलच्या पडद्यामागे जाऊन उभी राहू लागली. चवड्यांवर उभी, पाय एकमेकांत घट्ट आवळलेले, चेहरा लाल.

"जोर करतीया बिचारी," सासूबाई म्हणायच्या.

मलाही आधी तसंच वाटलं. पण मी बोलते कमी, त्यामुळे बघणं जास्त होतं. बघता बघता लक्षात आलं, ती जोर करत नाहीये, शी अडवून धरतेय. मागे एकदा खड्यासारखी कडक शी होताना तिला फार दुखलं होतं, थोडं रक्तही आलं होतं. तेव्हापासून तिने ठरवून टाकलं होतं, करायचीच नाही. जितकी धरायची तितकी ती आणखी कडक होत होती.

मी नोकरीला जात असल्याने सासूबाई भूगावच्या फ्लॅटवर आमच्यासोबत राहायच्या. सासरे पौडच्या पुढे, गावी. घरच्या म्हशीच्या दुधाची किटली घेऊन ते रोज सकाळच्या बसने यायचे. नात उठली की दूध, रडली की दूध, जेवली नाही तर बाटलीभर दूध. दुधानेच पोट भरल्यावर भाजी-भाकरी कोण खाणार?

शेवटी तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट तपासलं, शी मऊ करणारं औषध लिहून दिलं. म्हणाल्या, "दूध दिवसाला दोन छोटे कप, बस्स. पाणी, फळं, भाज्या वाढवा. जेवणानंतर थोडा वेळ पॉटीवर बसवा, पाय टेकलेले हवेत. आणि खालून घरचे उपाय करू नका."

घरी आलो तर सासूबाईंनी विड्याची पानं आणून ठेवलेली. पानाचा देठ एरंडेलात बुडवून बाळाच्या शीच्या जागी घालायचा, की पोट मोकळं होतं. त्यांच्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.

सासूबाईंशी बोलायचं वाक्य मी आधी मनात जुळवून घेते. त्या दिवशी तेवढा वेळ नव्हता.

"आई, नको."

"नको म्हंजी? तुज्या नवऱ्यालाबी असंच केलंय. काय झालं त्याला?"

"तिथे काही लावलं की ती आणखी घाबरेल. आणखी धरून ठेवेल. आणि दूधही कमी करायचंय."

"आन म्हशीला काय सांगू? आट म्हणून?"

"उरलेल्याचं तूप करू."

त्यांनी देठ बाजूला ठेवला, पण दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला ते जड गेलं. त्या माझ्याइतक्याच नातीसाठी घाबरलेल्या होत्या, हे मला दिसत होतं. पण मी मागे हटले नाही.

दोन-तीन दिवसांनी ऑफिसातून आले तर सिंकशेजारी दुधाची बाटली धुऊन उपडी घातलेली. म्हणजे माझ्यामागे बाटली चालूच होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्या ऑफिसच्या बॅगेत भरून घेऊन गेले.

"दरोडेखोर हाय तुजी बायको," सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. तो हसला. मी हसले नाही.

मुलगी दुधासाठी आकांत करायची. मी कप पुढे करायचे, पाणी द्यायचे, पपईच्या फोडी द्यायचे. अर्ध्या फोडी जमिनीवर जायच्या. पॉटी-सीटवर तिचे पाय लोंबकळत, म्हणून खाली पाट सरकवला आणि मी शेजारी बाथरूमच्या फरशीवर बसू लागले. शी हो, लवकर कर, असलं काही म्हणायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. नुसत्या गप्पा मारायच्या. शी झाली नाही तर उठायचं, हात धुवायचे. कितीतरी वेळा नुसतेच हात धुतले.

एका संध्याकाळी जेवण झाल्यावर ती बोलता बोलता गप्प झाली. माझा खांदा धरला. मग चकित होऊन खाली बघितलं.

"आई, दुखलंच नाही."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच म्हणाल्या, "झाली ना मोकळी? मग बंद कर आता ते औषध. सवय लागंल पोरीला."

"नाही आई. शी मऊ झालीय, भीती गेलेली नाही. डॉक्टर सांगतील तोवर चालू राहील. महिने लागले तरी."

"लई हट्टी हायेस तू."

"हो," मी म्हणाले, आणि नळ सोडून मुलीचे हात पुढे ओढले.