एकादशीला निघालेली जगाची सफर

आमच्या आईला कुठे चल म्हटलं की नाही म्हणायला तिला कधी कारण कमी पडलं नाही. पण माझ्या भावाने अमेरिकेहून फोन करून "बाळंतपणाला ये, बाबांनाही घेऊन ये" असं सांगितलं, तेव्हा तिने काढलेली कारणं ऐकून मीसुद्धा हात टेकले. गुडघे दुखतात. तुळशीला पाणी कोण घालणार? विमानात इतके तास पाय लोंबकळत ठेवून कसं बसायचं? आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, परक्या देशात एकादश्या कशा करायच्या?

तिकडे वहिनीचे दिवस भरत आले होते. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. आपल्या माणसाशिवाय पहिलं बाळंतपण कसं निभवायचं म्हणून भाऊ काळजीत, आणि इकडे आई फोन ठेवला की गप्प. भाऊ अमेरिकेला गेल्यापासून बाबांनी त्याला पाहिलेलं नव्हतं. पासपोर्ट दोघांचेही काढून कपाटात पडले होते. पण विषय निघाला की बाबा एवढंच म्हणायचे, "तू नाही तर मी नाही," आणि पेपर उघडायचे.

मी तेव्हा नाशिकातच नोकरी करत होते आणि आईबाबांजवळ पंचवटीत राहत होते. माझा स्वभाव घाईचा. गोष्ट अडली की मला ती ढकलावीशी वाटते. त्याच महिन्यात बाबा निवृत्त होणार होते, तेव्हा मी ठरवलं, त्यांची पार्टी करायची आणि तिला 'जगाची सफर' म्हणायचं. इमारतीच्या गच्चीवर प्रत्येक कोपऱ्यात एक देश, त्या त्या देशाचं खाणं. आईला वाटलं पाहिजे, जग म्हणजे काही राक्षसांचं घर नाही. बाबांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी त्याच दिवशी रविवार ठरवून सगळ्यांना आमंत्रणंही केली.

इटलीचा पिझ्झा, चीनच्या नूडल्स, मेक्सिकोचं काहीतरी राजम्याचं, असं ठरत गेलं. आई शेजारी बसून शेंगा सोलत सगळं ऐकायची, मधूनच "छान" म्हणायची. मला वाटलं, घोडं वाटेला लागलं.

शुक्रवारी मी कांद्याची पिशवी घेऊन आले तेव्हा ती म्हणाली, "हे कशाला? परवा एकादशी आहे."

मी कॅलेंडरकडे धावले. खरंच होती.

"तुला कधी कळलं?"

"रविवार ठरला तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, जगाचा दौरा काढणाऱ्यांना भिंतीवरचं कॅलेंडर दिसतंय का, बघू."

मी भयंकर चिडले. एकादशीला घरात कांदा चिरलेला तिला चालणार नव्हता, आणि येणाऱ्यांपैकी निम्म्या बायकांना उपास. आमंत्रणं गेलेली, दिवस बदलायची सोय नाही. मी पलंगावर पडून राहिले. तासाभराने उठले तर आई स्वयंपाकघरात राजगिऱ्याचं पीठ चाळत होती. "इटलीवाले भाकरीवरच घालतात ना सगळं?" तिने विचारलं. "मग ती राजगिऱ्याची असली तर काय बिघडतं?"

त्यानंतरचे दोन दिवस आमच्या घराचा ताबा तिच्याकडे होता. इतकं खुशीत मी तिला फार वर्षांनी पाहिलं. चीज उपासाला चालतं का, यावर तिने शेजारणींची सभा भरवली. दुधाचंच आहे पण कारखान्यात कोण हात लावतं कोण जाणे, असा निकाल लागून घरचं पनीर आलं. भगरीचे मुटके वळून ते जपानचे झाले. शिंगाड्याच्या पुऱ्यांवर बटाट्याची भाजी आणि दह्याची चटणी घालून मेक्सिको उभा राहिला. मी तिला म्हटलं, "आई, हा बटाटा, ही मिरची, हे रताळं, हे शेंगदाणे, सगळे बोटीत बसून परदेशातून आलेत बरं का. आपले गहू-तांदूळ उपासाला चालत नाहीत आणि हे पाहुणे चालतात."

"असतील पाहुणे," ती म्हणाली. "मुरले आता."

शनिवारी निफाडहून मामा द्राक्षांच्या पेट्या घेऊन आला. त्याच्या बागेतला चांगला माल तेव्हा युरोपात जायला लागला होता, त्यामुळे त्याचं बोलणं जरा वरच्या पट्टीत असायचं. "ताई, माझी द्राक्षं बोटीत बसून विलायतेला जात्यात," तो म्हणाला, "अन् तू इमानाला घाबरती? लय झालं हां आता." आई हसली, पण लगेच उठून आत गेली. मला ते तेव्हा खटकलं नाही.

रविवारी उन्हं उतरल्यावर लोक यायला लागले. गच्चीच्या दाराशी, जिन्याच्या शेवटच्या पायरीपाशी, खालच्या मजल्यावरचे काका टेबल मांडून बसले होते. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आणि शिक्का मारायची त्यांची हौस अजून फिटली नव्हती. टाय लावून ते प्रत्येकाला अडवत आणि परदेशी विमानतळावरच्या साहेबासारखे इंग्रजीत दरडावत, "पर्पज ऑफ व्हिजिट?" कुणी "खाणं" म्हणे, कुणी "फुकट खाणं". मग काका आमंत्रणावर दाणकन शिक्का मारत. सगळ्यांनी देश पालथे घातले. "एकादशी, दुप्पट खाशी" म्हणत बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी जपान दोनदा संपवला.

आई मात्र वर येईना. ताटल्या भरून माझ्याच हाती पाठवत राहिली. शेवटी मी खाली गेले, तिच्या हातातला झारा काढून घेतला आणि तिला ओढतच जिन्यावर आणलं. वळणावर ती थांबली. वरून काकांचा इंग्रजी आवाज येत होता. तिने माझ्या हातातून हात सोडवून घेतला.

"मला नाही जमायचं ते," ती हळूच म्हणाली.

"अगं, खेळ आहे."

"इथे खेळ आहे. मुंबईला नाही. व्हिसा देणारा साहेब सगळ्यांदेखत इंग्रजीत विचारतो, उत्तर नाही आलं तर तिथल्या तिथे परत पाठवतो. माझ्यामुळे यांनाही नाही म्हणाला तर? लेकाला बघायला आतून किती तळमळतात ते, मला दिसत नाही का? वाटलं, मी नाहीच म्हटलं की निदान हे तरी एकटे जातील."

मी जिन्यातच खाली बसले. ती जात नाही म्हणून बाबा अडले होते, आणि बाबा अडू नयेत म्हणून ती जात नव्हती. एका घरात, एका टेबलावर जेवणारी ही दोन माणसं! मला रडू आलं आणि त्या दोघांचा रागही आला. मी तिला सांगितलं, मुंबईला मराठीत बोलता येतं, मदतीला दुभाषी असतो. तिचा विश्वास बसला नाही.

पण वर काकांना सगळं ऐकू गेलं असावं, कारण आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी टाय काढून खिशात घातला होता. "या वहिनी," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. "कशासाठी चाललात?"

आईने पदर सावरला.

"सुनेच्या बाळंतपणाला," ती म्हणाली. आवाज बारीक होता. "तिला आई नाही."

"बरोबर सामान काय?"

"डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा. बाळाला अंगाला लावायला तेल. टाळू भरायला कोणी लागेल ना तिथे." आता तिचा आवाज मोकळा झाला होता.

"किती दिवस राहणार?"

"बाळाने मान धरेपर्यंत."

"आणि मग?"

"मग परत येणार. म्हणजे काय? घर इथे आहे आमचं."

काकांनी शिक्का उचलला, मग थांबले. "बरोबर कोण आहे?"

बाबा कठड्यापाशी ताटली घेऊन उभे होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं.

"हे आहेत," ती म्हणाली. "यांना मी घेऊन चाललेय."

बाबांनी ताटली कठड्यावर ठेवली. सगळी गच्ची ओलांडून आले आणि तिच्या मागे रांगेत उभे राहिले.