देव्हाऱ्यातली नॉर्वेची चांदी

मुंबईहून निघताना माझ्याजवळ एक वळकटी, चार दशम्या आणि वडिलांची पत्र्याची पेटी होती. वडील गेल्यावर पलंगाखाली ती पेटी सापडली. आत रेशमी रुमालात बांधलेले दोन फोटो होते, बाकी काही नाही.

वडील कधी गावाचं नाव काढत नसत. आमच्या खोलीत देव्हाराही नव्हता. त्याचं मला काही वाटायचं नाही. मी चौथीतून शाळा सोडून गोदीच्या कारखान्यात लागलो, एवढा विचार कोण करतो? पण यंदा लग्नाची बोलणी झाली आणि मुलीच्या चुलत्यांनी विचारलं, "तुमचं कुळदैवत कोणतं? माणसं कुठली?" मला काही सांगता येईना. ते म्हणाले, "विचारून या, मग सुपारी फोडू." विचारणार कुणाला?

पहिल्या फोटोत एक गोरी म्हातारी होती. जाड कापडाचा पोशाख, छातीवर गोल चांदीचा दागिना, त्याच्या कडेला चिंचोक्याएवढ्या वाट्या लोंबत होत्या. गोदीत लागलेल्या जहाजावरच्या एका खलाशाने मागची अक्षरं वाचून दिली. ती त्याच्याच देशाची, नॉर्वेची होती. नॉर्वे म्हणजे विलायतेच्याही वर, बर्फाचा मुलूख. तो म्हणाला, "लिहिलंय, आईकडून पेडरला. हा दागिना आमच्या बायका लग्नात घालतात." दुसऱ्या फोटोत तांबड्या दाढीचा उंच माणूस कापसाच्या यंत्राजवळ उभा होता. शेजारी नऊवारीतली बाई आणि तिच्या कडेवर मूल. त्याच्या मागे वडिलांच्या अक्षरात दोन गावं लिहिलेली होती: सेलू, राणीसावरगाव. आमचं आडनाव सावरगावकर का, ते मला त्या दिवशी कळलं.

मनमाडला गाडी बदलली. निजामाच्या हद्दीत शिरल्यावर करोडगिरीचा (जकातीचा) जवान डब्यात चढला. त्याने पेटी उघडायला लावली आणि म्हातारीचा फोटो हातात धरला.

"ये मेमसाब कौन होती तेरी?"

मी म्हणालो, "कोई नहीं साहेब. मालूम नहीं."

"मालूम नहीं, और रेशमी रुमाल में बांध के फिरता?" तो हसला आणि फोटो परत देऊन पुढे गेला. डब्यातली माणसंही हसली. मला मात्र पुढच्या तीन स्टेशनांपर्यंत मान वर करवेना. त्या गडबडीत एक स्टेशन आधीच उतरलो आणि रुळाच्या कडेकडेने सेलूपर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूंना काळी रानं होती आणि वेचणीला आलेला कापूस.

सेलूच्या जिनिंगमध्ये (सरकी काढायच्या कारखान्यात) एक म्हातारा मुकादम भेटला. फोटो पाहून त्याने कपाळाला हात लावला. "पेडरसाब! यंत्रं बसवायला आलता, हितंच ऱ्हायला. काशीबाईसंगं लगीन लावलं. तापानं गेला बिचारा. बाई लेकराला घेऊन माहेरी गेली, राणीसावरगावला." त्याने मला जेवू घातलं, भाकरी, तुरीचं वरण, लसणाची चटणी.

गंगाखेडपर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी. सकाळी राणीसावरगावात पोचलो आणि काशीबाईंच्या भावाचं घर विचारलं. ओट्यावर त्या भावाचा मुलगा ज्ञानोबा, म्हणजे वडिलांचा मामेभाऊ, दोर वळत बसला होता.

"कोन म्हनायचं तुमी?"

मी दुसरा फोटो पुढे केला. त्याने तो उजेडात धरून पाहिला. मग माझ्या घाऱ्या डोळ्यांकडे पाहिलं.

"माधव कुठं हाय?"

"गेले. श्रावणात."

तो दोर टाकून उठला, आडावर गेला आणि अंगातल्या कपड्यांसकट दोन बादल्या पाणी डोक्यावरून घेतलं. आपलं माणूस गेल्याचं उशिरा कळलं तरी आंघोळ करायची असते. माझ्या वडिलांसाठी मुंबईत मी एकटाच न्हालो होतो.

ओलेत्यानंच तो म्हणाला, "मांजरडोळ्या म्हनून आमी लय चिडवायचो त्याला. तीस वर्सांखाली आत्या मेली अन् तेराव्या दिसाच्या दुसऱ्या दिवशी पोरगा न सांगता गेला. चल, देवाच्या पाया पड."

देव्हाऱ्यात तांब्याच्या ताम्हनात टाक (चांदीच्या पत्र्यावर उठवलेले घरचे देव आणि पूर्वज) मांडले होते. खंडोबा, भवानी, आणि त्यांच्या शेजारी हळदीने पिवळी झालेली गोल चांदी. कडेला चिंचोक्याएवढ्या वाट्या.

"ह्यो आमचा वीर, लढाईत पडलेला पूर्वज," ज्ञानोबाकाका म्हणाले. "आत्यानं मरताना देवात ठिवला. रोज आंगूळ घाला म्हनली. ह्यो बघ घोडा, ह्यो भाला." त्यांचं बोट झिजलेल्या नक्षीवर फिरत होतं.

माझा हात खिशातल्या पहिल्या फोटोवर गेला आणि तिथेच राहिला. ज्याला तीस वर्षं देव म्हणून पुजलं, त्याला मी दागिना म्हणू? देवातून उठवलं तर तो जाणार कुठे?

"पोरा, पांढराफटक का पडलास?" काकांच्या बायकोने, सखूकाकूंनी विचारलं. मी फोटो त्यांच्या हातात दिला.

"अवं, हिकडं या! ह्या बाईच्या छातीवर तर आपला वीर हाय!"

काका फोटो घेऊन उन्हात गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. "कोन ही?"

"पेडर आजोबांची आई," मी म्हणालो. या वेळी म्हणालो.

मग काकूच बोलल्या, "तीस वर्सं आत्याच्या सासूला आंगूळ घालायलात! माज्या आईला कवा तांब्याभर पानी इचारलं का?"

काका हसले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "आत्यानं बरुबर केलं. त्या म्हातारीला हितं दुसरं कोन हुतं? ऱ्हाऊ दे. उद्याबी आंगूळ घालायची."

मग ते ताम्हनासमोर बसले. "भाऊ येगळा निघाला की देव वाटून द्यायचे असतेत. माधव तसाच गेला. त्याचा वाटा ऱ्हायला हाय." त्यांनी नखाने कडी उकलून एक वाटी काढली, हळद लावली, कापसात गुंडाळून माझ्या ओंजळीत ठेवली. "इचारलं तर सांग, खंडोबा आमचा. अन् ही तुमची म्हातारी. माणसं राणीसावरगावची."

निघताना म्हातारीचा फोटो मी त्यांच्या देव्हाऱ्याजवळ ठेवला. दागिना तिचा, तिने तिथेच राहावं असं वाटलं. काकूंनी दशम्या बांधून दिल्या. मी आणल्या होत्या त्याच्या दुप्पट.

परतीच्या गाडीत पुन्हा करोडगिरी. जवान दुसरा होता. त्याने कापूस उलगडला. "ये क्या है? चांदी?"

"देव आहेत साहेब," मी म्हणालो. "आमची पणजी."

त्याने वाटी उलटीपालटी करून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि कापूस होता तसा गुंडाळून दोन्ही हातांनी परत दिला.

चुलत्यांना मी हेच सांगणार आहे. पुढे सुपारी फोडायची की नाही, ते त्यांनी ठरवावं. मी उद्यापासून आंघोळ घालणार आहे.