दुपट्ट्याखालचा हात

मातामायवर मी आयुष्यात पहिल्यांदा चिडले ती नागपूरच्या एका दवाखान्याच्या जिन्यात बसून. मूल तालुक्यातल्या आमच्या गावात तिचं ठाणं म्हणजे कडुलिंबाखालचा शेंदूर लावलेला दगड. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिथे दिवा लावते. तिच्याकडे कधी काही मागितलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. धानाच्या पाण्यापासून पोरीच्या सोयरिकीपर्यंत सगळं मागून झालं होतं. या वेळी मात्र मी फक्त विचारलं होतं. यांच्या डोक्याचं ऑपरेशन करू की यांना घरी नेऊ, एवढंच सांग म्हटलं. एरवी माझ्या मनात घटकाभरात उत्तर घालणारी माता नेमकी तेव्हा गप्प बसली.

हे म्हणजे आमच्या मुलीचे बाबा. शेती धानाची, पण पंचक्रोशीत नाव झालं ते बैलाच्या पारखीमुळे. कोणाला जोडी घ्यायची असली की आधी आमच्या दारात चहा व्हायचा आणि मग सगळे यांना घेऊन बाजाराला निघायचे. बैल चार पावलं चालला की यांचं ठरलेलं असायचं. मी चिडवायची, बैलाला इतकं निरखता आणि मला तर फोटोवरच पसंत केलं. तर म्हणायचे, "तुले पाहून इचार कराची गरजच नाई पडली." असे होते.

अशा माणसाला मागच्या हिवाळ्यात शर्ट निवडता येईना. दोन शर्ट समोर ठेवले की बघतच राहायचे, ताटातलं जेवण निवून जायचं. वांगी करू की बटाटे म्हटलं तर माझ्या तोंडाकडे पाहायचे, जणू उत्तर तिथेच लिहिलंय. मी हसण्यावारी नेलं. मग एक दिवस अंगणात कोसळले. डॉक्टरांनी सांगितलं की कपाळामागे मोठी गाठ आहे. माणूस हे का ते ठरवतो ते बरंचसं त्याच भागाच्या जोरावर, आणि तोच भाग तिनं धरलाय. ऑपरेशन केलं तर कदाचित काही महिने वाढतील, पण ते महिने ओळखदेख नसताना, नळ्या लावूनही जाऊ शकतात. नाही केलं तर थोडे दिवस, पण घरी, दुखणं कमी करणारी औषधं घेऊन. "दोन्हीत चूक काही नाही," ते म्हणाले. "खरं तर पेशंटनं ठरवायचं असतं. यांना जमत नाही, म्हणून तुम्ही ठरवा."

मुलगी वरोऱ्याहून आली होती. ती म्हणे, "आई, करून टाकू. नाई केलं तं जन्मभर मले टोचत राहीन." मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. यांचा आजार मलाच लागल्यासारखं झालं होतं.

जिन्यातून वर आले तर यांच्या खाटेशी एक म्हातारा उभा. खांद्यावर दुपट्टा, हातात चहाचा पेला. त्याच वॉर्डात त्याची सून होती. म्हणाला, "बाई, मी एटापल्लीकडून बैल घेऊन यायचो. भाऊसंगं लय सौदे झाले माहे. बोलत नाईत का?"

मी म्हटलं, "बोलतेत, पण ठरवता नाई येत त्यायले. हे का ते इचारलं का अडकून जातेत." आणि का कोण जाणे, त्या अनोळखी माणसाला मी सगळं सांगून टाकलं.

त्यानं चहा फुंकून संपवला. "मंग दोन गोष्टी काऊन इचारता? सौद्यात एका टायमाले एकच गोष्ट असते."

आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. चारचौघांना भाव कळू नये म्हणून घेणारा आणि विकणारा दुपट्ट्याखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून बोलतात. पटलं तर हात घट्ट धरायचा, नाही पटलं तर काढून घ्यायचा. म्हाताऱ्यानं यांच्या हातावर दुपट्टा टाकला आणि आपला हात आत घातला. यांची मान सरळ झाली. डोळे बारीक झाले, बाजारात व्हायचे तसे. किती दिवसांनी मला माझा माणूस दिसला! म्हाताऱ्यानं हात बाहेर काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "हात जागा हाये. आता तुमीच इचारा, बाई. तुमच्या घरचा सौदा मी काऊन करू?"

बैलबाजारात आम्ही बाया कधी गेलोच नव्हतो. मी पहिल्यांदाच दुपट्ट्याखाली हात घातला. "जी, डोक्शाचं ऑपरेशन करू?" यांनी हात काढून घेतला. मी थांबले. थोड्या वेळानं त्यांचा हात आपणहून परत आला. "घरी जाऊ?" त्यांनी माझा हात असा आवळला की बांगड्या रुतल्या. मुलगी भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "हाताची जुनी सवय मेंदूत दुसरीकडे शिल्लक राहते. पण त्यांना प्रश्न कळला होता की नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही." मीही सांगू शकत नाही. आम्ही यांना घरी आणलं.

म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहून गेलं. मातेनं पाठवलं म्हणावं तर तो आपल्या सुनेसाठी आला होता, आणि नाही म्हणावं तर माझी जीभ वळत नाही. मी उत्तर मागत होते. तिनं उत्तर दिलंच नाही, विचारायची रीत तेवढी दिली. त्यातून जे आलं ते बरोबर की चूक हे ठरवणं माझ्या हातात नाही, आणि ते तिच्यावर टाकल्यापासून मला झोप लागते.

मुलगी मात्र बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. पण शेवटच्या दिवसांत येऊन राहिली, बाबांना भाताची पेज तीच भरवायची. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, बाया बांधावरून घरी परतत असताना, हे गेले. हात माझ्या हातात होता. श्वास थांबला तरी मला सोडवेना. मुलगी खाली बसली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आई, बाबानं ठरवलं होतं ना? सोड आता." मी मातामायला मनातल्या मनात म्हटलं, इतकी वर्षं यांना माझ्याजवळ राहू दिलंस, तुझे उपकार, आता सांभाळ. आणि बोटं उघडली.