बारा अँपियरची खोली

दाजींच्या कारखान्यात मामांची खोली सर्वांत आत होती. खिडकी कायमची बंद. विजेच्या शेगडीच्या तारेला वारा लागला की मीटरचा काटा हलतो, असे दाजींचे ठाम मत होते. या खोलीत मामा बॅटरीवर चालणारे वीजपुरवठ्याचे डबे तपासत. श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णांच्या घरी वीज गेली की या डब्यांचाच आधार असे. तपासणीचे यंत्र दाजींनी कधी घेतलेच नाही. शेगडी आठ अँपियर ओढते, इस्त्री चार. दोन्ही डब्याला जोडायच्या आणि बाराचा भार दहा मिनिटे टिकतो का, ते पाहायचे. तापलेली इस्त्री मध्येच आपोआप बंद होऊ नये, म्हणून मामा ती ओल्या फडक्यावर ठेवीत. या वाफेत त्यांची एकवीस वर्षे गेली. मालक बहिणीचा नवरा, त्यामुळे नोकरी सोडणे म्हणजे नात्याला धक्का लावणे.

यंदा मामांना शाळेच्या प्रयोगशाळेत जागा मिळत होती. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. दाजींनी अट घातली, की हाताखाली शिकणाऱ्या भाचीने दहा डबे बिनचूक तपासून दाखवावेत, मग खुशाल जा. बहिणीच्या दारातून पाय काढायची फारच घाई झालेली दिसते, असा टोमणाही मारला.

भाचीचे नऊ डबे व्यवस्थित पार पडले. दहावा चालू असताना ती लेबल लिहायला वळली. फडके केव्हाच सुकले होते. सहाव्या मिनिटाला इस्त्रीतून खट् असा आवाज आला आणि काटा आठवर उतरला. तिने मान वर केली, तोवर तो पुन्हा बारावर आला होता. दारात उभ्या असलेल्या दाजींनाही काही कळले नाही.

वेळ भरली. ‘‘सुटलात, मेहुणे,’’ दाजी हसून म्हणाले.

मामांनी सुकलेले फडके पुन्हा भिजवले. मग म्हणाले, ‘‘इस्त्री मध्ये बंद पडली होती. पुन्हा लावा.’’

बॅटरी पूर्ण भरून डबा पुन्हा लावला. आठव्या मिनिटाला तो बंद पडला.

दाजी रागावले नाहीत, उलट त्यांचा आवाज मऊ झाला. तुमच्यावाचून इथले पान हलत नाही, पोरीला अजून सहा महिने शिकवा, असे सांगून ते गेले.

‘‘मामा, गप्प का नाही बसलात?’’ भाचीने विचारले. ‘‘मी कुणाला सांगितलं असतं का?’’

‘‘तुला ऐकूच कुठं आलं होतं,’’ मामा म्हणाले.

शनिवारी त्यांनी शाळेत फोन केला. लिपिकाला नकाराचे कारण नोंदवायचे होते. मामांनी ‘घरगुती’ असे लिहायला सांगितले.