फाटकाच्या दिव्याचा बोर्ड

शहाद्याच्या एसटी स्टँडवर आमचूर विकणारी बाई मला भेटली, तिथून हे सगळं सुरू झालं. धडगावकडच्या डोंगरातली ही बाई दर बाजाराला खाली उतरायची आणि परत जाताना आमच्या घरी थांबायची. माझ्या सासूबाईंशी तिची वीसेक वर्षांची मैत्री. ही घरी पावरी बोलणारी, सासूबाई अहिराणी बोलणाऱ्या, पण ओट्यावर बसून दोघींच्या तासभर गप्पा चालत. त्या दिवशी तिनं मला लांबूनच हटकलं.

"तुन्ही सासू कोठे गयी वं? तीन बाजार व्हयनात, फाटक ठोकी ठोकी परत गऊ मी."

सासूबाई कुठेही गेल्या नव्हत्या. गेल्या दोनेक वर्षांत त्यांचे कान जवळजवळ गेले होते. मशीन आणलं, पण त्यानं डोक्यात माश्या घोंगावतात म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, नवरा दिवसभर प्रकाशा गावाच्या रस्त्याला केळीच्या मळ्यात. दुपारी घरात त्या एकट्या. आणि आदल्याच आठवड्यात भाजी निवडताना त्या मला म्हणाल्या होत्या, "ती आमचूरवाली आते येस नही. मरी गयी व्हई बिचारी."

म्हणजे एक जण फाटक ठोकून परत जात होती आणि दुसरी आत बसून तिच्यासाठी हळहळत होती. ती जिवंत आहे हे घरी जाऊन सांगता येत होतं, पण पुढच्या बाजाराला तिची हाक सासूबाईंना ऐकू कशी जाणार?

मला सोल्डरिंगचा नाद लहानपणापासूनचा. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्या टेबलाखाली बसून मी जळलेल्या रेझिस्टरवरच्या पट्ट्यांचे रंग पाठ केले होते. लग्नानंतर ते मागे पडलं आणि चाळिशीत पुन्हा सुरू झालं. घरात तापमान दाखवणारं एक खोकं, मळ्यात ओल मोजणारी एक सळई, असलं काहीबाही मी करतच होते. तेव्हा स्टँडवरून घरी येईपर्यंत मनात पक्कं झालं. फाटकावर एक बटण, आणि ते दाबलं की स्वयंपाकघरात, मधल्या खोलीत आणि मागच्या अंगणात दिवा उघडमीट करायला हवा. बहिऱ्या माणसाला दिसतं तरी ना!

पहिला प्रयोग मी भोकाभोकांच्या तयार बोर्डावर वायरी जोडून केला. चार दिवस छान चालला. पाचव्या दिवशी शाळेतून आले तर सासूबाई फाटकाशी कमरेवर हात ठेवून उभ्या. उन्हानं चेहरा लाल झालेला.

"सात खेपा माऱ्यात मी," त्या म्हणाल्या. "फाटकवर कोनीच नही शे. भूत दिवा लाई ऱ्हायनं का?"

एक वायर ढिली झाली होती. वारा आला की दिवा लागत होता. मी ओशाळले, त्या मात्र हसत सुटल्या. पण असल्या जुगाडावर म्हाताऱ्या माणसाला पळवायचं नाही, हे मला कळलं. व्यवस्थित छापलेला सर्किट बोर्ड हवा होता, ज्यात वायरीच नसतात, तांब्याच्या रेघा असतात आणि त्या हलत नाहीत.

रेखाटन मी लॅपटॉपवर व्हिडिओ बघत बघत शिकले. ते महिनाभरात जमलं. खरी पंचाईत पुढे होती. बोर्ड बनवून कोणाकडून घ्यायचा? नेटवरच्या एका हौशी लोकांच्या गटात मी विचारलं, तर जितकी माणसं तितकी उत्तरं. एक म्हणाला परदेशातूनच मागवा, तिथल्यासारखी सफाई कुठे नाही. दुसरा म्हणाला, कस्टममध्ये अडकलं तर विसरून जा. तिसऱ्यानं मला दहा कंपन्यांची तुलना करणारा तक्ता पाठवला. तो मी दोन दिवस वाचला आणि आणखीनच गोंधळले. भोक किती बारीक पाडतात, रेघ किती नाजूक काढतात, रंग किती देतात. माझ्या दिव्याला यातलं काय लागतं, हे त्या तक्त्यात कुठेच नव्हतं.

शेवटी गटातल्या बहुतेकांनी नाव घेतलं त्या परदेशी कंपनीला फाइल पाठवली. 'फाइल स्वीकारली' असा निरोप मिनिटात आला. तीन आठवड्यांनी पाकीट आलं. काय देखणे बोर्ड! काळेभोर, कडा आरशासारख्या, पांढरी अक्षरं कोरल्यासारखी. मी शाळेत नेऊन सगळ्यांना दाखवले. संध्याकाळी रिले बसवायला घेतला, म्हणजे दिव्याची लाइन चालूबंद करणारा तो छोटा ठोकळा, तर त्याचे पाय भोकात जाईनात. भोकं लहान होती. मीच माप चुकीचं भरलं होतं. कंपनीची काही चूक नव्हती. जसं पाठवलं तसं त्यांनी बनवलं, पाचही बोर्डांवर माझी चूक अगदी सफाईनं उमटवली. मला एवढंच वाटलं, की एका तरी माणसानं ती फाइल डोळ्यांनी बघितली असती तर!

मग मी आपल्याकडच्या एका मोठ्या शहरातल्या कारखान्याला फोन केला. किती नग हवेत, हा पहिला प्रश्न. पाच म्हटल्यावर पलीकडचा माणूस सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, आम्ही हजारात काम करतो." त्याचंही खरंच होतं.

सुरतच्या माणसाचा नंबर गटातल्या कोणीतरी सहज दिला होता. छोटा गाळा, स्वतःच मालक, स्वतःच कारागीर, वेबसाइट वगैरे काही नाही. मी माप सुधारून त्याला फाइल पाठवली आणि विसरले. दोन दिवसांनी मधल्या सुटीत फोन आला. गुजरातीत भिजलेलं हिंदी.

"बहेन, तुमची फाइल बघितली. हा बोर्ड मी बनवणार नाही."

मला वाटलं, पुन्हा तेच, नग कमी. पण तो पुढे म्हणाला, "बटण कुठे लावणार आहात?"

"फाटकावर. बाहेर."

"पावसात कोणी ओल्या बोटानं दाबेल?"

"दाबेल की."

"मग तुमची घरची लाइन आणि बटणाची रेघ इतक्या जवळून का नेली? एवढीशी फट आहे. धूळ बसेल, दमट होईल, एक दिवस करंट उडी मारेल. बटण दाबणाऱ्याला झटका बसेल. दुरुस्त करून पाठवा, मग बनवतो."

मी फोन ठेवला तेव्हा कान तापले होते. पंधरा वर्षं विद्युतधारा शिकवणाऱ्या बाईला कोणीतरी विद्युतधारा शिकवली होती. घरी येऊन नवऱ्याला फणकाऱ्यानं सांगितलं. तो केळीच्या पानानं हाताचा चीक पुसत होता. म्हणाला, "मानूस खरं बोली ऱ्हायना. त्यानाकडथूनच करी ले."

रागाचा भर ओसरल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ती डोंगरातली बाई आली. भर पावसात, डोक्यावर टोपली, बोट बटणावर. मी लॅपटॉप उघडला आणि रेघा पुसायला घेतल्या.

तरी त्या दोन रेघांत किती अंतर पुरे, ही शंका राहिलीच, आणि ती फोनवर सुटेना. शाळेला सुटी लागली तेव्हा ठरवलं की सुरतेला जाऊनच यावं. सासूबाईंना कळलं तशा त्या पेटीतून नवं लुगडं काढून बसल्या. "मी बी येस."

सकाळी एसटीनं नंदुरबार, तिथून गाडीनं सुरत. नवापूर मागे पडलं आणि डब्यातली बोली बदलत गेली. सासूबाई खिडकीशी बसून माणसांचे ओठ वाचत होत्या.

गाळा लहानसाच. तांब्याच्या पत्र्यांची चवड, भोकं पाडणारं गुणगुणतं यंत्र, दोरीवर चिमट्यांनी टांगलेले हिरवे बोर्ड, आणि नाकाला झोंबणारा रसायनाचा वास. मालक साठीचा, चष्मा कपाळावर. त्यानं आधी सासूबाईंसाठी खुर्ची पुसली. "बा, बेसो." मग माझं नवं रेखाटन मोठ्या पडद्यावर लावलं, बराच वेळ बघितलं आणि मान हलवली.

"आता बरोबर. इथे मध्ये मी एक खाच कापून देतो. आरपार. म्हणजे करंटला ओलांडायला वाटच नाही."

मग तो सासूबाईंकडे वळला. "दिवा यांच्यासाठी ना? मग यांना विचारलंत का, कसा हवा?"

मी विचारलं नव्हतं. बोर्ड कोणाकडून करायचा यात मी सहा महिने डोकं घातलं होतं, आणि ज्यांच्यासाठी तो होता त्यांना एक शब्द विचारला नव्हता.

मी त्यांच्यासमोर जाऊन सावकाश ओठ हलवत विचारलं, "आई, दिवा कसा पाहिजे?"

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "दिवा लागना म्हणजे कोनी उनं, हाई समजस. पन कोन उनं ते समजी का? वीजबिलवाला उना तर माले पळानी काय गरज? मन्ही आमचूरवाली उनी तर गोष्ट येगळी."

मालकाला अहिराणी येत नव्हती, पण गुजराती माणसाला ती फारशी अडत नाही. तो मोठ्यानं हसला आणि माझ्याकडे वळला. "दोन बटणं करा, बहेन. एक जगासाठी, एक मैत्रिणीसाठी. दिवा उघडमीट करणाऱ्या तुमच्या चिपमध्ये जागा आहे. जगासाठी दिवा भरभर, मैत्रिणीसाठी सावकाश."

तिथेच त्याच्या टेबलावर बसून आम्ही दुसऱ्या बटणाची रेघ काढली. सासूबाई शेजारी बसून चहा पीत पडद्यावर बोट ठेवून विचारत होत्या, ही रेघ कसली, ती कसली. मालक प्रत्येक रेघ त्यांना हातवारे करून सांगत होता. मला तेव्हा इतकं हलकं वाटलं, की गाडीची वेळ विसरले.

दहा दिवसांत कुरिअर आलं. बोर्ड हिरवे, साधे. काळ्या बोर्डांइतके देखणे नव्हते, एका कडेला कानशीचा ओरखडाही दिसत होता. पण रिले पहिल्या झटक्यात बसला, आणि मधली खाच अशी स्वच्छ की त्यातून पलीकडची खिडकी दिसे. वर एक चिठ्ठी होती, लाइन जोडण्याआधी मीटरनं तपासा म्हणून.

फाटकावर दोन बटणं लावली. वरचं पांढरं, सगळ्यांसाठी. खालचं लाल, खांबाच्या आतल्या बाजूला. पुढच्या बाजाराला मी मुद्दाम रजा टाकली आणि स्टँडवर जाऊन आमचूरवालीला लाल बटणाचं सांगून आले. ती माझ्याकडे संशयानं बघत राहिली.

दुपारी मी मधल्या खोलीत वह्या तपासत होते. दिवा लागला. सावकाश मोठा झाला, सावकाश मिटला, पुन्हा मोठा झाला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं, सूप बाजूला सारलं आणि पदर सावरत अशा चालत निघाल्या की मला त्यांच्या गुडघ्यांची काळजी वाटली.

फाटकाशी दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. ती पावरीत काहीतरी जोरजोरात बोलत होती, या अहिराणीत. एकीला दुसरीचं ऐकू येत नव्हतं. दोघींचंही बोलणं थांबत नव्हतं.

"मरी गयी व्हती का वं तू?" सासूबाई तिला दटावत होत्या.

त्या दिवशी ती चार वाजता जायची ती पाच वाजेपर्यंत बसली. तिची डोंगरातली गाडी चुकली, म्हणून माझा नवरा तिला मोटारसायकलवर टोपलीसकट पुढच्या फाट्यापर्यंत सोडून आला.

आता काही दिवसांपासून ती लाल बटण एकदा दाबून थांबत नाही. दाबतच राहते. सासूबाई म्हणतात, तिला त्या दिव्याची गंमत वाटते. दिवा लागला की त्या पहिल्यांदा गॅसवर चहाचं आधण ठेवतात, मग जाऊन फाटक उघडतात.