‘ए’ मेंढ्याचा

चतुराबाईंना अंगणवाडीत सव्वीस वर्षं झाली. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात आज ज्यांना मिशा आहेत, त्यांतल्या निम्म्यांची नाकं त्यांनी पुसलेली. बोलायला फटकळ, पण लेकरू रडायला लागलं की आधी कडेवर घ्यायच्या, मग रागवायच्या. एवढ्या वर्षांत त्यांना कोड्यात टाकलं ते साडेपाच वर्षांच्या शिवकन्येनं.

शिवकन्या ही मेंढरं राखणाऱ्या लिंबाजीची थोरली. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. पण फळ्यावर ‘एक’ लिहिलं की ती खणखणीत आवाजात ‘मेक’ वाचायची. ‘नख’चं तिनं ‘नगा’ केलं होतं.

दिवाळी झाली की लिंबाजी कळप घेऊन पैनगंगेपलीकडं जायचा. यंदा पोरीलाही नेतो म्हणाला.

“आरं, आता नेलीस तर पावसाळ्याबिगर येत न्हाईस,” चतुराबाई म्हणाल्या. “आलेलं विसरून जाईल. पहिलीचं नाव हुकंल.”

“आलेलं काय हाय बाई? मेकच ना? तेवढं तर माझ्या मेंढरालाबी येतंय. पंधरा दिसांनी निघणार हाय मी. तवर तिनं वाचून दाखवलं तर ठेवतो माझ्या आईपाशी.”

दुसऱ्या दिवशी चतुराबाईंनी पोरीला भिंतीवरच्या तक्त्यापाशी नेलं. ‘ए’वर बोट ठेवलं.

“मे,” शिवकन्या म्हणाली.

“मे काहून गं?”

“मेंढा हाय की ह्यो! मे मेंढ्याचा.”

“ह्याला एडका म्हणतेत.”

“एडका?” पोरगी खुदकन हसली. “मेंढा हाय बाई. दोन वर्साचा असंल.”

‘ख’ खटाऱ्याचा होता. “गाडी,” ती म्हणाली. “गा गाडीचा.”

चतुराबाईंनी ‘मेक’ आणि ‘नगा’ मनात पुन्हा जुळवून पाहिलं. पोरगी चुकत नव्हतीच! चित्र पाहून तिनं घरातलं नाव घेतलं होतं आणि नावाचा पहिला आवाज बरोबर उचलला होता. पोरगी हुशार होती, शब्द परके होते.

त्यांनी तक्ता उतरवला आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर नवा मांडला. “तुमच्या घरी ‘क’चं काय काय हाय रे?” म्हटल्यावर लेकरांनी अंगणवाडी डोक्यावर घेतली. करडू! कोकरू! कुत्रं! घ घोंगडीचा झाला, थ मेंढीच्या थानाचा, ब बोकडाचा. चित्रं पोरांनीच काढली. ‘ल’ला सगळ्यांनी एका सुरात लेंडी सांगितली, तेव्हा मदतनीस सीमा हळूच म्हणाली, “बाई, साहेब लोक आले तर?”

“आले तर वाचतील.”

एडक्याला मात्र त्यांनी हाकललं नाही. “तुझ्या बापाला लिंबाजी बी म्हणतेत आन् आज्जी लिंब्या बी म्हणती, व्हय ना? तसा मेंढा बी आन् एडका बी.” हे शिवकन्येला एका झटक्यात पटलं. त्या दिवसापासून ती एकाच वस्तूची दोन-दोन नावं गोळा करत गावभर हिंडू लागली.

पंधराव्या दिवशी लिंबाजी दारात हजर. भिंतीकडं बघून म्हणाला, “बाई, लेकराला लेंड्या गिरवायला धाडलं व्हय मी?”

पण पोरीला पारखायचं कसं? त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. थोडा विचार करून त्यानं मोबाइल काढला. त्यातली नावं जवळा बाजार गावच्या मोबाइलवाल्या प्रमोदनं भरून दिलेली होती.

“हे वाच.”

“ज... ळ... बा. जळबा!”

लिंबाजीनं लगेच फोन लावला. पलीकडून जळबाच बोलला, “बोल की लिंबाजी, निघालास का?”

“न्हाई, असाच लावला,” म्हणून त्यानं कट केला. “आता हे?”

“था... व... रा.”

थावरा आंघोळ अर्धी टाकून फोनवर आला होता. त्यानं दिलेल्या शिव्या साऱ्या अंगणवाडीला ऐकू आल्या. लिंबाजीचा चेहरा फुलला.

“बराबर हाय! आता तर हिला न्यायलाच पायजे.”

“काहून?”

“तिकडं फोन लावायचा तर दर बारीला कुणाच्या तरी हातापाया पडावं लागतंय. आता घरचंच माणूस झालं.”

पंधरा दिवसांची मेहनत उलटली होती. त्यांनी मोबाइल हातात घेतला, यादी वरखाली केली आणि एका नावावर थांबल्या. “हे वाच गं.”

“प...” शिवकन्या अडली. “बाई, हे अक्षर मोडलंय.”

“प्रमोद हाय ते. लिंबाजी, रिचार्ज कोण मारतं तुझा?”

“प्रमोदच की.”

“त्यातलं ‘प्र’ जोडाक्षर हाय. ते पहिलीत शिकवतेत. अंगणवाडीत न्हाई, आन् मेंढरामागं तर न्हाईच न्हाई.”

लिंबाजीनं डोकं खाजवलं. “किती दिसात येतंय?”

“शाळेत गेली तर पुढल्या दिवाळीपतोर.”

“आन् तवर?”

“तवर पड लोकांच्या पाया!”

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप निघाला. लिंबाजीनं शिवकन्येला आपल्या आईच्या, मिराबाईच्या हवाली केलं आणि मेंढरं पुढं गेली तरी तो अंगणवाडीच्या दारात घुटमळत राहिला.

“बाई, मेंढरं घेणाऱ्या व्यापारी हिरासिंगाचं नाव बी बघून घ्या, त्यालाच लई फोन लावावे लागतेत. त्यात काही मोडलेलं हाय का?”

“न्हाई, ते सरळ हाय. तू निघ आता.”