छोट्याची बोटं

स्वतःची चाल ऐकताना चाचा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. हात मागे बांधलेले, कपाळ भिंतीला टेकलेलं. चाल संपली की वळायचे आणि म्हणायचे, "आता द्या शिव्या, ताई."

मी द्यायचेच, पण चालीला नाही, भिंतीवरच्या डागाला. चाचा केसांना भरपूर तेल चोपडायचे आणि माझ्या स्टुडिओच्या नव्याकोऱ्या रंगावर त्यांच्या कपाळाचा एक गोल डाग उमटला होता. दर भेटीत तो थोडा पसरायचा.

"स्वतःच्या लेकराकडं टक लावून बघू नाय," हे त्यांचं उत्तर. "नजर लागती."

स्टुडिओ म्हणजे फार काही समजू नका. पैठण गेटजवळ, चपलांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. मी लग्नाचे व्हिडिओ करते. एक काळ असा होता की वरातीला हवं ते सिनेमाचं गाणं लावायचं आणि व्हिडिओ इंटरनेटवर टाकून मोकळं व्हायचं. मग एके दिवशी त्या व्हिडिओंचा आवाजच बंद होऊ लागला. गाण्याला मालक असतो आणि त्याचं यंत्र जगभर कान लावून बसलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. मी तर चाटच पडले. देवगाव रंगारीच्या एका वधूपित्याने फोन करून विचारलं, "मॅडम, आमची पोरगी मुकी झाली का?"

ही गोष्ट शहागंजपर्यंत कशी पोचली कोण जाणे. दोन दिवसांनी एक उंच, वाकलेले गृहस्थ जिना चढून आले. हातात सुती रुमालात गुंडाळलेली क्लॅरिनेट.

"ऐकलं, तुमच्याकडं पोरी मुक्या होऊ लागल्यात," ते म्हणाले. "मी वाजवून देतो. माझी चाल, माझी फुंक. कोण बंद करतो बघू."

जन्मभर ते लग्नाच्या बँडमध्ये होते. धाकटा भाऊ, ज्याला सगळे छोट्या म्हणायचे, त्याच बँडमध्ये ड्रम वाजवायचा. डीजे आले आणि बँड बसला. चाचांनी त्या दिवशी उभ्याउभ्या पाठवणीची एक चाल वाजवली. मी रोज नवऱ्या रडताना पाहते. माझं काळीज आता दगडाचं झालंय, असा माझा समज होता. तो समज त्या दिवशी गेला.

मीच त्यांना संगीताच्या लायब्रऱ्यांबद्दल सांगितलं. पुस्तकांच्या नव्हेत. चाल बनवणारे तिथे आपल्या चाली ठेवतात, जाहिरातवाले आणि व्हिडिओवाले तिथून परवाना घेऊन वापरतात, बनवणाऱ्याला वाटा मिळतो. एक लायब्ररी म्हणते, चाल फक्त आम्हाला द्या, दुसरीकडे ठेवायची नाही. दुसरी म्हणते, आमच्याकडेही ठेवा आणि हवी तिथे ठेवा. तिसरीत कुणीही एकदा परवाना घ्यावा आणि कुठेही, कितीही वेळा वाजवावी.

मला हे सगळं समजून घ्यायला कितीतरी दिवस लागले होते. चाचांनी चहा संपायच्या आत त्याची बँडच्या भाषेत वाटणी करून टाकली.

"पहिली म्हंजी सालभर एकाच बँडला बांधलेला माणूस. दुसरी म्हंजी सुपारी घेणारा, आज यांच्यात, उद्या त्यांच्यात. आन तिसरी म्हंजी रस्त्यावरची वरात. कुणीबी या, नाचा."

समजलं एवढं छान, आणि केलं काय? बँडवाल्यांची एक रीत असते. नवी चाल ज्या घरी पहिल्यांदा वाजते, त्या घराचं नाव तिला मिळतं. दुसऱ्या गावी दुसऱ्या घराने आवडून घेतली, की तिथे तिचं नाव वेगळं. चाचांनी तीच रीत इथे चालवली. पाठवणीची चाल पहिल्या लायब्ररीत 'पैठणची पाठवणी' म्हणून दिली आणि दुसरीत 'देवगावची सून' म्हणून. पहिलीचा निरोप आला, तुम्ही करार मोडलात, तुमचं खातं बंद.

"चाचा! एकच चाल दोघांना दिलीत?"

"एकच कशी? नाव दुसरं हाय की."

"पण चाल तीच ना!"

"आता माणूस तोच, फुंक तीच, मंग चाल काय शेजाऱ्याची येणार व्हय?"

मी कपाळावर हात मारला. तेही हसले, मीही हसले. एक दार बंद झालं, एवढंच आम्हाला वाटलं. त्या लायब्ररीत एक गोष्ट चांगली होती. दारू, तंबाखू किंवा राजकारण यांसाठी चाल द्यायची झाली, तर ते आधी बनवणाऱ्याला विचारत. तिकडे तेव्हा आमचं लक्षच गेलं नाही.

छोट्या आजारी पडला तो गुटख्याने. वरातीत ड्रम बडवताना गालात पुडी असायचीच. आधी तोंड उघडेना, मग घास जाईना, मग जबडाच काढावा लागला. कॅन्सर हॉस्पिटलमध्ये चाचा रोज त्याच्याजवळ बसायचे. छोट्याला बोलता येत नव्हतं. तो पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटांनी ठेका धरायचा. ठक, ठकठक, आणि मग एक लांब थांबा, श्वास घेतल्यासारखा.

"ये क्या है रे छोटे? बेटी की रुखसती का?" चाचांनी विचारलं. हो, पाठवणीचाच, अशी छोट्याने मान डोलावली. त्याची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिच्या लग्नात आपण नसणार, हे त्याला कळून चुकलं होतं. चाचांनी तो ठेका फोनमध्ये घेतला आणि त्याला शब्द दिला की पोरगी निघेल ती तुझ्याच बोटांवर.

छोट्या गेल्यावर ते माझ्याकडे आले. आम्ही तो ठेका साफ केला आणि त्यावर चाचांनी क्लॅरिनेट वाजवली. ऐकताना कपाळ भिंतीला होतं, पण खांदे हलत होते. त्या दिवशी मी डागाबद्दल काही बोलले नाही.

ही चाल तुमच्याकडेच ठेवा, असं मी त्यांना म्हटलं होतं. त्यांनी ती तिसऱ्या, 'कुणीबी या, नाचा'वाल्या लायब्ररीत टाकली.

"आयुष्यभर शहागंज ते पिशोर, याच्या पुढं कुठं गेला नाय बिचारा," ते म्हणाले. "आता फिरू दे."

आणि काय सांगू, छोट्या खरंच फिरला! चाल कुणी कुठे लावली ते मी शोधून दाखवायचे. चाचा जिन्यातूनच विचारत यायचे, "आज छोट्या कुठं पोचला?" कधी बर्फाच्या देशात एक बाई पाव भाजताना ती लावायची. कधी कुणा परदेशी लेकराच्या पहिल्या पावलांना ती असायची. चाचा पडद्याच्या अगदी जवळ जायचे, त्या बाईचं घर, तिची भट्टी, खिडकीतला बर्फ सगळं बघून घ्यायचे. "थंडी लई असंल तिथं," म्हणायचे, जणू भाऊ स्वेटर न घेताच गेला होता.

मग ती संध्याकाळ आली. चाचा वर आले ते काही न विचारता. चपलाही काढल्या नाहीत. शहागंजच्या हॉटेलात ते चहा पीत होते, टीव्हीवर मॅच चालू होती, मधेच एक जाहिरात लागली होती.

"जाहिरात लावा," ते म्हणाले आणि पुडीचं नाव सांगितलं. छोट्या जी खायचा तीच पुडी.

मी लावली. पांढऱ्या सुटातला हिरो, मागे घोडे, हातात चमकती डबी. आणि खाली ठक, ठकठक. मरणाच्या दारातल्या माणसाची बोटं, त्यावर चाचांची फुंक, आणि तो हिरो तोंडभर हसून दात दाखवतोय. ज्या माणसाचं तोंड दोन बोटं उघडत नव्हतं, त्याच्या ठेक्यावर! मागे वळून पाहिलं तर चाचा भिंतीकडे तोंड करून उभे होते. चाल संपली तरी वळले नाहीत.

मी त्याच क्षणी लायब्ररीला लिहिलं. माझा राग तुम्हाला माहीत नाही, चपलांचं दुकान खालून वर बघायला लागतं. उत्तर फार अदबीने आलं. तुमच्या भावनांचा आदर आहे. परवाना रीतसर घेतलेला आहे. आणि जाहिरात तंबाखूची नाहीच, इलायचीची आहे.

इलायचीची! मी ते वाक्य पुन्हापुन्हा वाचलं. डबीवर नाव तेच, रंग तोच, फक्त आत इलायची. गुटख्याची जाहिरात करता येत नाही म्हणून इलायची पुढे उभी केलेली. हे सगळ्या गावाला कळतं, फक्त कागदाला कळत नाही.

पुढे लिहिलं होतं की हवं तर चाल काढून घ्या. यापुढे नवा कुणी घेणार नाही, पण ज्यांनी आधी घेतली आहे त्यांच्याकडे ती राहील.

"म्हंजी पाव भाजणाऱ्या बायांना बंद," चाचा सावकाश म्हणाले, "आन हे घोडेवाले चालूच?"

"हो, चाचा."

"मंग नक्को. ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर त्यांनी जिन्यातून तो प्रश्न विचारणं सोडलं. मलाच ते सोसवेना.

छोट्याच्या मुलीचं लग्न पिशोरला झालं. शूटिंग माझंच होतं. मला भीती वाटत होती, म्हणून मी मुलीला बाजूला घेऊन म्हटलं, रुखसतीला दुसरी चाल लावू. तिने मेंदीचा हात माझ्या हातावर ठेवला. "नाय ताई. अब्बूंनी माझ्यासाठी ठोकलीय ती. जाहिरातवाल्यांसाठी नाय."

लॅपटॉपवरून चाल सुरू केली. क्लॅरिनेटचे पहिले सूर मांडवात गेले मात्र, वरातीतल्या पोरांनी एकच गलका केला. सगळे त्या पुडीचं नाव ओरडू लागले. एकाने हिरोसारखी डबी उघडून दाखवली. बायकाही पदराआड हसल्या. त्यांची चूक नव्हती हो, त्यांनी ती चाल दुसरीकडे कुठे ऐकलीच नव्हती. मुलगी उंबऱ्यावर थिजली. एक पाय आत, एक बाहेर. मी कॅमेरा धरून नुसती उभी राहिले. लग्नघरात इतकं भयंकर काही मी कधी पाहिलं नव्हतं.

चाचा लॅपटॉपपाशी आले. "ताई, क्लॅरिनेट काढा. नुस्ती बोटं ठेवा."

"पण चाचा, तुमची फुंक..."

"काढा म्हंतो ना!"

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. लॅपटॉपवर बोटं आणि क्लॅरिनेट वेगवेगळ्या पट्ट्यांवर होती, मी क्लॅरिनेटचा पट्टा बंद केला.

ठक. ठकठक. लांब थांबा. पुन्हा ठक.

पोरं गप्प झाली. जाहिरातीतही ही बोटं होतीच, पण ती कुणाच्या कानात शिरली नव्हती. मांडवात लोखंडाचा तेवढाच आवाज राहिला. मुलीने दुसरा पाय बाहेर टाकला आणि बापाच्या ठेक्यावर गाडीपर्यंत चालत गेली.

मी व्हिडिओ जसाच्या तसा इंटरनेटवर टाकला. थोड्याच वेळात सूचना आली, या व्हिडिओतल्या संगीतावर दुसऱ्याचा हक्क आहे, तेवढ्या भागाचा आवाज बंद केला आहे. यंत्राला ती जाहिरातवाल्यांची चाल वाटली होती. चाचांच्या पुतणीच्या लग्नात चाचांचीच चाल, आणि ती चाचांनाच बंद! मी हसावं की डोकं आपटून घ्यावं, कळेना. त्यांना कसं सांगायचं म्हणून मी आधी एकटीने तो व्हिडिओ पाहिला. आणि पाहून फोनच केला, "चाचा, आत्ताच्या आत्ता या."

ते आले, सवयीने भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले. पडद्यावर रुखसती सुरू झाली. मुकी. पोरांची तोंडं उघडत होती, मिटत होती, आवाज नाही. पुडीचं नावही त्यातच गेलं होतं.

"सुरू केलं का?" चाचांनी भिंतीलाच विचारलं.

"सुरू आहे. थांबा."

ठक. ठकठक.

यंत्राला क्लॅरिनेट ओळखता आली होती. छोट्याची बोटं त्याला ओळखता आली नव्हती. ती त्याने सोडून दिली होती.

चाचा वळले. पहिल्यांदाच, चाल चालू असताना. पडद्याजवळ आले आणि नजरबिजर विसरून मुलगी गाडीत बसेपर्यंत टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, "आज छोट्या कुठं पोचला, ताई?"

"पिशोरला," मी म्हटलं. "घरी."

त्यांनी मान हलवली, रुमाल झटकला आणि जिना उतरले. ती त्यांची शेवटची खेप. पुढचा लग्नांचा हंगाम सुरू व्हायच्या आत चाचा गेले. मला फोनवर कळलं तेव्हा दफन होऊन गेलं होतं, ऐकता ऐकता हातातली इस्त्री कपड्यावर तशीच राहून गेली.

यंदा स्टुडिओचं रंगकाम काढलं. पेंटर त्या भिंतीपाशी येऊन थांबला.

"ताई, हा तेलाचा डाग हाय. किती बी हात मारा, परत वर येणार. आधी खरवडून घेऊ का?"

"नको," मी म्हटलं. "येऊ दे वर."